जिंकण्याआधीचं हसू

पेपरातली खेळाची बातमी आणि टीव्हीवरची खेळाची बातमी यांत फरक काय, असं मला पुष्कळदा विचारतात. मी दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे, बरीच वर्षं रेडिओवर बोललो आहे आणि आता उतारवयात नोएडाच्या एका वेबसाइटसाठी लिहितो, म्हणून विचारतात. पूर्वी या प्रश्नावर मी रंगात येऊन बोलायचो. पेपरवाल्याला विचार करायला सकाळपर्यंत मुदत असते, म्हणून तो खेळाडू का हरला ते सांगतो. रेडिओवाला ऐकणारा आत्ताच येऊन बसलाय असं धरून पुन्हा पुन्हा स्कोअर सांगतो. टीव्हीवाल्याला चेहरा लागतो. वेबसाइटवाल्याला सगळ्यांच्या आधी काहीतरी लागतं, खरं काय ते मागून बघता येतं. एवढं बोललं की समोरचे हसायचे आणि आपण फार शहाणे आहोत असं मलाही वाटायचं. आता कुणी विचारलं तर मी एका आईची गोष्ट सांगतो. ती ऐकून कुणी हसत नाही.

हे कुटुंब सांगलीकडचं. वडील फौजेत सुभेदार, दिल्लीच्या छावणीत क्वार्टर मिळालेलं. एकुलती एक मुलगी कुस्ती खेळायची. ती या छावणीतून त्या छावणीत अशी वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी अर्धं हिंदीच होतं. आई काही ठेवणीतला शब्द बोलली की ही म्हणायची, "मतलब?" मी तेव्हा एका मराठी पेपरासाठी दिल्लीहून खेळाच्या बातम्या पाठवत होतो आणि आठवड्यातून एकदा रेडिओवर खेळांवर बोलत होतो. दिल्लीत वाढलेली मराठी पैलवान मुलगी म्हणजे माझी हक्काचीच बातमी. त्या निमित्तानं जाणंयेणं सुरू झालं. तिची आई मला भाऊ म्हणायची, मी तिला वहिनी. बाई गंभीर स्वभावाची. लेक कुस्ती मारून आली की सगळे टाळ्या वाजवायचे आणि ही फक्त विचारायची, "जेवलीस का न्हाई?"

मग परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत मुलगी अंतिम फेरीत पोचली. आदल्या संध्याकाळी ती उपांत्य कुस्ती जिंकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम कुस्ती होती. एका हिंदी न्यूज चॅनलला तिचे आईवडील सामना बघताना हवे होते. छावणीत कॅमेरा नेऊ देत नाहीत. मग चॅनलनं सुभेदारांचा एक आतेभाऊ शोधून काढला. तो मंत्रालयात कारकून, सरोजिनी नगरच्या जुन्या सरकारी क्वार्टरांपैकी जी पाडायची राहिली होती त्यांतल्या एकात राहत होता. ठरलं की आईवडिलांनी तिथं यायचं. येताना मुलीची पदकं पिशवीत घालून आणायची. त्या आतेभावाच्या भिंतीवर त्याच्या साहेबांबरोबरचा फोटो होता तो उतरवला गेला आणि त्या खिळ्यावर पदकं टांगली गेली. ज्या सोफ्यावर ही दोघं उभ्या आयुष्यात बसली नव्हती, त्यावर त्यांना घरच्यासारखं बसायला सांगितलं. मीही तिथंच होतो, मला सामन्यानंतर आईशी बोलायचं होतं. हे सगळं बघून मला मौज वाटत होती, हे कबूल करायला पाहिजे.

चॅनलची वार्ताहर एक तरुण मुलगी होती, बरोबर एक कॅमेरामन. मुलगी वाईट नव्हती. तिला सामन्याच्या वेळी सोनीपतला दुसऱ्या एका पैलवानाच्या घरी पोचायचं होतं आणि गाडी एकच होती. तिनं लाडवांचा डबा उघडला आणि वहिनींना म्हणाली, "आंटी जी, समझिए बेटी जीत गई. अंकल जी को लड्डू खिलाइए और हँसिए."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "कुस्ती तर अजून व्हायचीय की," त्या म्हणाल्या.

मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, आणि जिंकली नाही तर? ती म्हणाली, "तो नहीं चलाएँगे सर. सिंपल." धंद्यातली ही रीत मला माहीत होती. टीव्हीवर काम करत असताना मीही असे आनंद आधी भरून ठेवलेले पाहिले होते. मतमोजणीआधी उमेदवाराचे हार, निकालाआधी पोरांच्या उड्या. पेपरवाला दोन बातम्या तयार ठेवतो, एक जिंकल्याची आणि एक हरल्याची, पण त्या त्याच्या टेबलाखाली असतात आणि त्यांत कुणाचं तोंड नसतं. टीव्हीवाल्याला तोंडच तयार ठेवावं लागतं. बाजारात तुरी, तशातली ही गत. घोडामैदान दोन तासांवर होतं, पण तेवढा धीर कुणाला नव्हता.

"आदी तोंड गोड करू ने," वहिनी म्हणाल्या. "आपशकुन असतो."

तेव्हा सुभेदार बोलले. शांत माणूस, सगळी हयात हुकूम ऐकण्यात आणि देण्यात गेलेली. खांद्यावर यंत्र घेतलेला कुणी ठाम आवाजात सूचना द्यायला लागला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. ते म्हणाले, "सांगत्यात तसं कर. त्यांची ड्यूटी हाय ती."

वहिनींनी लाडू उचलला, पण हसू येईना. दोनदा, तीनदा झालं. कॅमेरामन वैतागला. शेवटी सुभेदार तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. नंतर मला कळलं की लग्नात घास भरवताना तिनं चुकून त्यांच्या मिशीला श्रीखंड फासलं होतं, त्याची त्यांनी आठवण करून दिली. बाई एकदम मान मागे टाकून खळखळून हसली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "परफेक्ट," कॅमेरामन म्हणाला. त्यांनी ते तिथूनच चॅनलच्या नोएडातल्या ऑफिसला पाठवलं, टीव्ही आमच्याच चॅनलवर ठेवा म्हणून बजावलं आणि ती दोघं सोनीपतला निघून गेली.

कुस्ती सुरू झाली. त्या चॅनलनं पडदा अर्धा अर्धा केला होता. डाव्या बाजूला मॅट आणि उजव्या बाजूला निवेदिका. आमची पोरगी सुरुवातीपासून वरचढ होती. दुसऱ्या फेरीत ती पुढे होती आणि वेळ संपत आला होता. आतेभाऊ उभा राहिला, सुभेदार गुडघ्यावर मूठ आपटायला लागले. मुलगी पायाला झेपावली. तेवढ्यात उजव्या बाजूची निवेदिका गेली आणि तिथं वहिनी आल्या. लाडू भरवताना, मान मागे टाकून हसताना. खाली पट्टी होती, घर से लाइव. नोएडातल्या डेस्कवर कुणीतरी जिंकलीच म्हणून कळ दाबली होती.

आणि डावीकडे ती पोरगी प्रतिस्पर्धी मुलीच्या अंगाखाली डोक्यावर आपटली. मान दुमडली. ती पडली ती उठली नाही. पंच खाली वाकला, मग डॉक्टर धावले, मग आणखी लोक आले. उजवीकडे तिची आई हसत होती. ते दृश्य छोटं होतं, म्हणून संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागत होतं. डॉक्टर पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते आणि शेजारी तिची आई पुन्हा लाडू उचलत होती, पुन्हा हसत होती. वहिनी सोफ्यावरून उठल्या आणि टीव्हीपाशी जाऊन स्वतःच्या त्या चेहऱ्यावर हात ठेवला. मी चॅनलमधल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता. मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

थोड्या वेळानं चॅनलला चूक कळली आणि त्यांनी ते काढलं. तोवर कुणीतरी आपल्या फोनवर टीव्हीचा पडदा टिपला होता. दुसऱ्या दिवशी ती क्लिप देशभर फिरत होती. पोरगी मरणाच्या दारात आणि आई लाडू खातेय. कुणी लिहिलं, सावत्र आई दिसते. कुणी लिहिलं, विम्याच्या पैशाला हसतेय. छावणीत दूध आणायला गेलेल्या वहिनींना बघून बायका बोलायच्या थांबल्या. गावाहून भावजयीचा फोन आला, तीसुद्धा आडून आडून विचारत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी इतकं धडधडीत कधी बघितलं नव्हतं.

मुलगी वाचली. तिला दिल्लीला आणलं. मानेखालचं अंग गेलं होतं आणि ते परत येईल असं कुठल्याही डॉक्टरनं म्हटलं नाही. मी इस्पितळात गेलो तेव्हा वहिनी व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तिनं ते बगायच्या आत काडून टाका. तुमी त्यातलं हाय, तुमची वळख आसंल." आणि जरा थांबून म्हणाल्या, "हात हालत न्हाईत तिचं. फोन घेता येत न्हाई. तवर येळ हाय आपल्याला."

लोक काय म्हणतात याची वहिनींना पर्वा नव्हती असं नाही, पण मागणं एवढंच होतं. आपण पडलो तेव्हा आई हसत होती, हे लेकीनं बघू नये. मी हो म्हणालो आणि कामाला लागलो.

आधी पेपर. तो माझा घरचा. मी खरं काय घडलं ते सविस्तर लिहून पाठवलं. संपादकांनी ते आतल्या पानावर, कापून, पण छापलं. पेपराची दुरुस्ती ही सभ्य असते आणि उशिरा येते. वहिनींच्या गावात तो अंक गेला, तिच्या दिरानं देवळात मोठ्यानं वाचून दाखवला आणि गावापुरतं तोंड बंद झालं. पण दिल्लीच्या छावणीत मराठी पेपर कोण वाचतो? आणि पेपरानं कितीही खरं सांगितलं तरी क्लिपला त्याची झळ लागत नाही.

मग रेडिओ. माझ्या कार्यक्रमात मी सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. एका आजीबाईंचा नागपूरहून फोन आला, बिचाऱ्या माऊलीला माझा नमस्कार सांगा म्हणाल्या. तो मी पोचवला. बाकी बोललेलं हवेत गेलं. रेडिओची चूक टिकत नाही हे चांगलं, पण त्याचं खरंही टिकत नाही.

टीव्हीकडे मी स्वतः गेलो. तो जुना सहकारी आता तिथं वरच्या जागेवर होता. त्यानं चहा मागवला, खूप हळहळला, कुणी कळ दाबली याची मात्र ताकास तूर लागू दिली नाही. मी म्हटलं, तुमच्या पडद्यावर सांगा की ते दृश्य आधी घेतलेलं होतं. तो म्हणाला, "सांगायचं तर ते पुन्हा दाखवावं लागेल यार. दाखवल्याशिवाय लोकांना कळणार काय?" मग त्याला एक कल्पना सुचली. "माँ को स्टुडिओत घेऊन ये. ती रडली ना, तर हसण्याचा विषयच संपेल." तो हे मदत म्हणून सांगत होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

राहिली वेबसाइट. एका संकेतस्थळावर व्हायरल गोष्टींची सत्यता तपासून देणारा विभाग होता. तिथल्या माणसांनी माझं नीट ऐकून घेतलं, आतेभावाशी बोलले, त्या वार्ताहर मुलीलाही गाठलं. तिनं खरं सांगितलं, एवढं तिच्या पदरात टाकलं पाहिजे. लेख चोख झाला. फक्त त्याचं शीर्षक होतं, ‘लेक कोसळताना का हसत होती ही आई?’ आणि वरती, अगदी माथ्यावर, तीच क्लिप. ज्यांनी ती बघितली नव्हती त्यांनीही आता बघितली. शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं ते मला माहीत नाही. खालच्या प्रतिक्रिया बघता फारसं कुणी वाचलं नसावं.

असे महिने गेले. मी भेटलो की वहिनी नजरेनंच विचारायच्या आणि मी नजर चुकवायचो. सुभेदार बोलेनासे झाले होते. एकदा फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "हुकूम मी दिला व्हता. ती न्हाईच म्हनत व्हती." दरम्यान आमच्या पेपरानं दिल्लीचं ऑफिस बंद केलं आणि मी या वेबसाइटला लागलो. तिथल्या एका जाणकारानं सांगितलं की क्लिपमध्ये दिसणाऱ्या माणसानं स्वतः तक्रार केली तर ती काढली जाते, आणि मूळ निघाली की तिच्या बहुतेक प्रती मशीनच शोधून काढतं. तुम्ही लिहून उपयोग नाही, त्या बाईंनी केलं पाहिजे. इतके दिवस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी मी फरीदाबादच्या माझ्या घरून मेट्रो पकडून छावणीत गेलो. वहिनींच्या फोनवरून तक्रार करून द्यायची, एवढंच काम होतं.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. बसा, भाकरी झाली की आलेच, म्हणाल्या. मी मुलीच्या पलंगाजवळ खुर्ची घेतली. पोरीचे खांदे पार उतरले होते. पलंगाच्या कडेला एक दांडा होता आणि त्याला तिच्या डोळ्यांसमोर फोन अडकवलेला होता. ती त्याला हिंदीत हुकूम करायची आणि तो गाणी लावायचा, निरोप वाचून दाखवायचा. कुण्या फिजिओथेरपिस्टनं ती सोय करून दिली होती. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता.

"काका, त्या क्लिपसाठी आलात ना?" ती म्हणाली.

मी काहीतरी थातुरमातुर बोललो.

"मी बघितलीये. कधीचीच. हॉस्पिटलमध्ये असतानाच एक अंकल आले होते, न्यूजवाले. त्यांनी दाखवली, मग विचारलं, आपको कैसा लग रहा है." ती हे चिडून सांगत नव्हती. "आईला बोलू नका. तिला वाटतं मला पता नाही."

मी म्हटलं, बाळा, आज ती निघेल. आईनं एकदा तक्रार केली की झालं.

"नका ना काढू," ती म्हणाली. "रहने दो. त्यात मी जिंकलीये."

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं, मला नव्हे तर एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. पेपरात मी हरलीये, रेकॉर्डमध्ये हरलीये, सगळीकडे हरलीये. पण त्या वेळी आईला सांगितलं होतं ना की मी जिंकले? तर तेवढं एकच आहे, जिथं मी जिंकलीये आणि आई इतकी खुश आहे. "लेफ्टला मी बघतच नाही," ती म्हणाली. "हाताने झाकता येत नाही, तर डोळे राइटलाच ठेवते. आता आदत झाली."

आई त्या वेळी श्रीखंडाच्या आठवणीनं हसली होती, हे मला माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात भाकरीचं ताट होतं आणि त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या आल्या, ताट खाली ठेवलं, लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग मला म्हणाल्या, "भाऊ, राहू द्या ते."

मी म्हटलं, "वहिनी, आज काढता येतंय. लोक तुमच्याबद्दल काय काय लिहितात, माहितीये ना?"

"लिहू द्यात की," त्या म्हणाल्या. "लिहून लिहून काय लिहितील? हिला पायजे तर राहू दे." आणि लेकीला म्हणाल्या, "लाव बरं. त्या दिसानंतर म्या न्हाई बगितलं."

मुलीनं फोनला सांगितलं. वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या, मी खुर्ची पुढे ओढली. पडदा अर्धा अर्धा झाला. आम्ही तिघंही उजव्याच बाजूला बघत राहिलो.